दोनदा मोजलेले ट्रक

९ जानेवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांत ही अकरा कार्डं झाली आणि एक सोडलं तर सगळ्यांवर एकच मजकूर. मी ठीक आहे, बाबांना सांभाळ. पोस्टमनला वाचून दाखवायचा कंटाळा येतो म्हणून तो आता नुसतंच म्हणतो, 'ताई, तेच आलंय.'

आज पत्र लिहायचं कारण आहे. बाबांची तब्येत उतरली आहे. हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणतात. पाय सुजतात, दोन पायऱ्या चढले की धाप लागते. त्यांचा पलंग खाली खाणावळीच्या पुढच्या खोलीत आणलाय, रस्त्याकडच्या खिडकीशी. टेबलं बाजूला सारली. तशीही त्यांच्यावर जेवायला कोण बसतंय? डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन महिने, फार तर तीन. भावाला कळवा म्हणाले. मी म्हटलं, कळवते.

तर हे कळवलं. ये असं मी म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. तुला ठाऊक आहे बाबा कसे आहेत. नऊ वर्षांत घरात तुझं नाव निघालेलं नाही. अगदीच विषय निघाला तर 'तो इंजिनिअर' म्हणतात, जसं एखाद्या वसुलीवाल्याबद्दल बोलावं तसं.

माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात. शेजारच्या शिंपीणकाकू रोज दुपारी बाबांपाशी येऊन बसतात, त्यामुळे मला बाजारात जाता येतं.

तुझी,
ताई

२० जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. मी तरी कुठे काही विचारलं होतं.

काल माळा आवरताना ते स्टूल सापडलं. हिरवं, तीन पायांचं, एक पाय किंचित आखूड. तुझ्या मोजणीच्या आठवड्यात मी ज्याच्यावर बसले होते तेच. खाली आणलं आणि मग काय करावं कळेना, म्हणून बाहेर वळचणीला ठेवून दिलं.

बाबा खिडकीतून रस्ता बघत असतात. बघायला काय आहे म्हणा. पूर्वी समोर जायचं तर दोन ट्रकांच्या मधून फट शोधावी लागायची. आता कुत्री भर रस्त्यात पाय ताणून झोपतात आणि त्यांना उठवायला कोणी येत नाही. टायरवाल्याच्या दुकानाला कुलूप आहे. बोर्ड तेवढा राहिलाय, 'व्यापारी संघ अध्यक्ष'. त्यातलं 'व्यापारी' उन्हाने उडून गेलंय. लॉजमध्ये बी-बियाण्यांचं गोडाऊन झालं. ट्रकांचे स्प्रिंग-पाटे करणारे दोघे भाऊ निघून गेले.

नवा रस्ता सहा किलोमीटरवर आहे, टेकडीच्या पलीकडे. रहदारी कमी असली की त्याचा आवाज इथवर येतो, आणि इथे रहदारी कमीच असते. खोटं कशाला बोलू, रस्ता चांगला आहे. खाणीपासून बंदरापर्यंत जायला नऊ तास लागायचे, आता चार लागतात. भाजी सडत नाही. शिंपीणकाकूंची सून फाट्यावरच्या शीतगृहात लागली, वेळेवर पगार आहे. काकूंना चक्कर आली तेव्हा रुग्णवाहिका त्याच रस्त्याने वेळेत पोचली. मागे एक साहेब येऊन भाषण करून गेले, या रस्त्यामुळे अख्ख्या प्रदेशाचा विकास झाला म्हणाले. आकडे दाखवले. खरेच असणार. प्रदेश वाढला, फक्त आमची गल्ली त्यात नव्हती.

टायरवाला त्या सभेत उठून म्हणाला, 'आमच्याच पोराने आमचा गळा कापला.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही तिथे होते.

ताई

२ फेब्रुवारी

बारक्या,

आज लिहून टाकते. तुला सगळं माहीत आहे, पण मी हे नऊ वर्षांत तोंडातून काढलेलं नाही. निदान एकदा माझ्या हातून कागदावर उतरू दे.

तू नवाच नोकरीला लागला होतास. रस्त्याचा आराखडा करणाऱ्या कंपनीने तुला आपल्याच गावात मोजणीला पाठवलं, तेव्हा बाबांनी गल्लीभर चहा पाजला होता. सात दिवस, रस्त्याच्या कडेला बसून जाणारी प्रत्येक गाडी लिहायची. उभ्या चार रेघा, पाचवी आडवी. सकाळी आठ ते चारचा तुझा माणूस मोजणीच्या आदल्याच दिवशी तापाने पडला आणि तू मला म्हणालास, 'ताई, तू बसशील का? आपल्या दारातच बसायचंय.' मी बसले. हिशेबात मी तुझ्यापेक्षा हुशार होते हे तुलाही मान्य होतं. तू एवढंच म्हणालास, 'खरं तेवढंच लिही. कमी नको, जास्तही नको.' मी म्हटलं, मोठा आला शिकवणारा.

पहिल्या दिवशी ती चूक होती. ट्रक आला, मी रेघ ओढली. ट्रक आपल्या आवारात शिरला, ड्रायव्हर जेवला, अर्ध्या तासाने ट्रक पुन्हा रस्त्यावर आला. मी पुन्हा रेघ ओढली. मला वाटलं, रस्त्यावर आला म्हणजे मोजायचा. डोकं जागेवर होतं, पण निम्मं लक्ष आत शेगडीवर होतं.

दुपारी टायरवाला आला. स्टुलाशेजारी उकिडवा बसून म्हणाला, 'ताई, जितक्या गाड्या जास्त तितका रस्ता मोठा. आकडा कमी भरला तर हे लोक रस्ता पलीकडच्या खोऱ्यातून नेतील, मग बसा माश्या मारत.' संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं की आपल्याकडे जेवलेला प्रत्येक ट्रक मी दोनदा धरलाय. मी ते खोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम तसंच करत राहिले. मला गंमतही वाटत होती, हेही कबूल करते. आपल्या हातचं जेवून जाणारा ट्रक गावाला दुप्पट उपयोगी पडतोय असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी तू तक्ता बघून विचारलंस, 'उभ्या राहिलेल्या गाड्या पुन्हा नाही ना धरत?' मी तुझ्यावर खेकसले. तुला मी लहानाचा मोठा केलाय, मला खोटं ठरवतोस का, म्हणाले. तू सही केलीस.

नियम असा होता हे मला चार महिन्यांनी कळलं. दिवसाला गाड्या आठ हजारांच्या आत भरल्या तर जुनाच रस्ता रुंद करायचा, गावातूनच. वर गेल्या तर गाव सोडून बाहेरून नवा काढायचा. एक ट्रक म्हणजे तीन मोटारी धरायच्या. सरासरी आली आठ हजार एकशे दहा. माझ्या पाळीत आपल्या आवारात दिवसाला सत्तर ट्रक तरी जेवायचे. सत्तर त्रिक दोनशे दहा. वजाबाकी मी तेव्हाच केली होती, रे. शेगडीशेजारच्या भिंतीवर, कोळशाने. मग पुसून टाकली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी जेवू घातलेल्या ट्रकांनीच रस्ता उचलून टेकडीपलीकडे नेला.

आणि मग तू समजावून सांगायला घरी आलास. सगळी गल्ली आपल्या खाणावळीत जमली होती. टायरवाला म्हणाला, याने बढतीसाठी गाव विकलं. बाबांनी विचारलं, 'मोजणी कोणाची? सही कोणाची?' तू म्हणालास, 'सही माझी.' मग तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, तेवढ्यापुरतंच. आणि मी वळले, भात लागतोय का ते बघायला.

भात लागत नव्हता. पातेल्याखाली जाळच नव्हता.

बाबा म्हणाले, 'या दारातून पुन्हा आत यायचं नाही.' तुझी चप्पल पायरीवरून उतरल्याचा आवाज मी पाठ फिरवूनच ऐकला.

ताई

११ फेब्रुवारी

बारक्या,

मी बाबांना सांगितलं. परवा सकाळी, त्यांचे पाय चेपताना. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. भिंतीवरच्या वजाबाकीपर्यंत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, 'भावाचं पाप अंगावर घ्यायची तुझी जुनीच खोड. दुधाचं पातेलं त्याने लवंडलं तेव्हाही मार तूच खाल्ला होतास.'

मी म्हटलं, बाबा, या वेळी खरंच मी. ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले आणि ते या गोष्टीवर. म्हणाले, 'मला ओझं नको म्हणून बोलतेस. मी मरताना त्याला माफ करून मरावं म्हणून. चांगली आहेस. पण मी नाही करणार.'

बघ. जन्मभर दुसऱ्याच्या वाटचं खोटं बोलून जी पत मिळवली, ती आता खऱ्याच्या आड येते. मी रडले तर त्यांनीच माझी समजूत काढली. मला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

म्हणून एक काम कर. ते तक्ते तुझ्याकडे असतील. मूळ तक्ते, माझ्या हातचे. तू कागदाचा कपटाही टाकत नाहीस हे मला माहीत आहे. तीस वर्षं रोज सकाळी दारातल्या फळीवर आजचं जेवण मी लिहिलंय आणि बाबांनी ते रोज वाचलंय. माझं अक्षर ते झोपेतसुद्धा ओळखतील. माझा सात तर पार वेगळा, मधे आडवी रेघ मारलेला. तक्ता हातात दिला की मला तोंड उघडायचीही गरज नाही.

टपालाने पाठव, नोंद करून. आणि तूही तयारीत राहा. बाबांनी तुला बोलावलं की लगेच निघता आलं पाहिजे. मला आता दुसरं काही नको. त्यांनी तुला आपणहून बोलवावं आणि तू पुढच्या दाराने आत यावंस, एवढंच.

ताई

१ मार्च

बारक्या,

बाबांची सूज गुडघ्यांवर गेली आहे. रात्रंदिवस बसूनच असतात, आडवं पडलं की दम लागतो. डॉक्टर आता महिने म्हणत नाहीत.

तक्ते आले नाहीत. कार्डही नाही. रागावला असशील तर रागाव, तो तुझा हक्क आहे, पण कागद पाठव. राग नंतर काढता येईल, मी कुठे पळून जात नाही.

ताई

७ मार्च

बारक्या,

पाकीट मिळालं. पोस्टमनने सही घेतली, मी ते पदराखाली धरून आत नेलं आणि न्हाणीघरात दार लावून उघडलं.

सातही दिवसांचे तक्ते आहेत. तारखा त्याच, तास तेच, आकडे माझेच. अक्षर तुझं.

आधी मला वाटलं तू चुकीचे कागद पाठवलेस. मग खाली बघितलं. 'मोजणी करणारा' असं छापलंय तिथे सातही कागदांवर तुझं नाव. आणि त्यांच्याबरोबर टाचलेलं ते टाईप केलेलं पत्र. ते मी चार वेळा वाचलं. इतके अवघड शब्द मला एका दमात कळत नाहीत, पण जे कळलं ते असं. रस्ता सुरू झाल्यावर वर्षभरातच ज्यांनी त्यात पैसा घातला होता ते विचारू लागले, तुम्ही सांगितल्या तेवढ्या गाड्या कुठे आहेत? चौकशी बसली. जुने आकडे काढले. सकाळच्या पाळीत गाड्या दुबार धरल्यात हे त्यांना दिसलं. त्या पाळीला कोण बसलं होतं, असं विचारल्यावर तुम्ही स्वतः बसल्याचं कबूल केलंत आणि स्वतःच्या हातचे तक्ते सादर केलेत. सबब आपणास सेवेतून कमी करण्यात येत आहे.

म्हणजे तू माझे कागद उतरवून काढलेस आणि माझे फाडलेस. चार महिने नाही, चार वर्षं नाही, सहा वर्षं झाली याला. आणि मला कार्डावर काय लिहिलंस, 'काम बदललं आहे, ठीक आहे.' मी शिंपीणकाकूंना सांगत सुटले, आमच्या बारक्याला बंदरावर मोठी जागा मिळाली. तू तिथे काय करतोस ते तुझ्या चिठ्ठीतून आज कळलं. गोदामाच्या दाराशी उभा राहून आत येणारी खोकी मोजतोस.

चिठ्ठी तीन ओळींची. 'ताई, तुझे तक्ते उरले नाहीत. चौकशीवाल्यांनी तुला बोलावलं असतं, बाबांसमोर. म्हणून.' आणि तुझी सही.

दुधाचं पातेलं फेडलंस का रे? एवढं महाग नव्हतं ते.

बाहेरून बाबांनी विचारलं, 'टपालात काय आलं?' मी म्हटलं, वीजबिल. हे कागद त्यांना दाखवले असते तर त्यांचं म्हणणंच खरं झालं असतं. तुझं अक्षर, तुझं नाव, तुझा कबुलीजबाब. मी मागितलेला पुरावा माझ्याच विरुद्ध आला.

ताई

१० मार्च

बारक्या,

हे पत्र मिळताच नीघ. बाकीचं गाडीत बसून वाच.

परवा सकाळभर मी कागद शोधत होते. नवा कोरा कागद चालला नसता. शेवटी बाबांच्या जुन्या खाणावळीच्या वह्यांमधली मागची कोरी पानं फाडली, पिवळी पडलेली. बाबा दुपारी डुलकी घेतात, त्या वेळात स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मी तुझे सातही तक्ते उतरवून काढले. सगळ्या रेघा, चार उभ्या, पाचवी आडवी. सात हा आकडा आला की तुझा सोडून माझा, आडव्या रेघेचा घातला. 'मोजणी करणारा' समोर माझं नाव लिहिलं. एका पानावर कालवणाचा हात लागला, तो पुसला नाही. पहिल्या वेळीही लागलेलाच होता.

खरं सिद्ध करायला मला खोटा कागद करावा लागला. पण आकडे माझे होते, तू उतरवून नेले होतेस, मी परत आणले. यात खोटं कुठलं आणि खरं कुठलं ते ज्याला ठरवायचं त्याने ठरवावं. बाबांना मी हे सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

काल सकाळी त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी चष्मा मागितला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. म्हणाले, 'हा सात तुझा.' मी म्हटलं, हो.

मग सातही पानं शेवटपर्यंत वाचली. मधे पाणी मागितलं नाही की पाय चेप म्हणाले नाहीत. मी उभीच होते. शेवटचं पान ठेवल्यावर त्यांनी विचारलं, 'त्या दिवशी तू इथेच होतीस ना?' मी म्हटलं, शेगडीपाशी होते. त्यांनी चष्मा काढून पानांवर ठेवला. मग म्हणाले, 'त्याला बोलाव.'

माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी ताट नेलं तर तोंड फिरवलं. शिंपीणकाकूंनी भरवलं तेव्हा चार घास गेले. काकूंना काही कळेना, मला म्हणाल्या, 'अगं, म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नकोस.' मी मनावर घेत नाही. जे मला नऊ वर्षांपूर्वी मिळायचं होतं ते आता मिळालं, आणि नऊ वर्षं ते तू भोगत होतास. मला वाईट वाटतं, पुष्कळ वाटतं. पण बरोबरच आहे.

आज सकाळपासून काकूंना विचारतात, 'बस आली का?' इकडे आता दिवसाला एकच बस येते, फाट्यावरून वळून, सव्वा अकराला. मी ते हिरवं स्टूल दारापाशी मांडून बसले होते. आठ ते चार या वेळात आज सतरा गाड्या गेल्या, त्यातल्या नऊ सायकली. बसमधून दोघं उतरले. तू इतक्यात कसा येशील, पत्र अजून टाकलंही नाही, तरी बघितलं.

हे आता पोस्टात टाकते आणि तारही करते. जे आधी पोचेल ते.

तू उतरलास की माझी वाट बघत थांबू नकोस. पुढच्या दाराने सरळ आत जा, बाबा खिडकीशी आहेत. कोणी काही म्हणालं तर मला हाक मार. मी आत शेगडीपाशी असेन. या वेळी भात बघायला वळणार नाही.

तुझी,
ताई